१५० किलोबाइटमध्ये कोंबलेले झोंबी

१९९४ साली डिजिटल पिक्चर्स या अमेरिकी कंपनीने सेगा सीडीसाठी ‘कॉर्प्स किलर’ नावाचा गेम काढला. एक उष्ण कटिबंधातलं बेट, तिथे प्रेतांची फौज उभी करणारा डॉ. हेलमन, आणि त्याला थांबवायला पाठवलेला एक मरीन सैनिक. हेलमनचं काम व्हिन्सेंट स्किआवेलीने केलं होतं, दिग्दर्शन जॉन लाफियाचं. म्हणजे खरे नट, खरा मेकअप आणि कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं. चित्रित व्हिडिओवर चालणाऱ्या अशा गेमना एफएमव्ही गेम म्हणतात. आज यूट्यूबवर तो पाहिला तर हसू येतं. चित्र मळकट आणि दाणेदार, मोठा झोंबी आला की पडदा अडखळतो, आणि झोंबी मागच्या दृश्यात मिसळतच नाहीत.

अभिनयाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, तो जसा आहे तसा आहे. चित्राची ही अवस्था मात्र आळसामुळे झालेली नाही. त्यामागे एक ठरावीक हिशेब आहे, आणि तो एकदा मांडला की या प्रकारच्या गेममध्ये झोंबीच इतके का भरले होते तेही कळतं.

हिशेब सीडीपासून सुरू होतो

सेगा सीडी, म्हणजे अमेरिकेबाहेरचं मेगा सीडी, १९९१च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणि १९९२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आलं. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला (अमेरिकेत त्याचं नाव जेनेसिस) जोडायचं ते उपकरण. त्यातला ड्राइव्ह एकपट वेगाचा होता. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे सीडीवरच्या माहितीचे ठरावीक तुकडे, प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइट, म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. यालाच १५० किलोबाइट म्हणतात. चित्र, आवाज, गोळी लागली की नाही हे ठरवायची माहिती, सगळं यातच बसवायचं.

आता दुसरी बाजू. मेगा ड्राइव्हचा पूर्ण पडदा ३२० बाय २२४ पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर एका फ्रेमला २,१५,०४० बाइट लागतात. सेकंदाला १५ फ्रेम दाखवायच्या तर ३२ लाखांहून जास्त बाइट. मिळतात दीड लाख. एकवीसपट तूट.

पहिली काटछाट रंगांत होते, आणि ती मुळातच सक्तीची आहे. मेगा ड्राइव्हची चित्र काढणारी चिप एका वेळी ५१२ पैकी जेमतेम ६१ वेगळे रंग दाखवू शकते. सोळा-सोळा रंगांच्या चार रंगपट्ट्या, त्यात प्रत्येकीचा पहिला रंग पारदर्शक, आणि वर पार्श्वभूमीचा एक रंग. शिवाय पडदा ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइलमध्ये विभागलेला, आणि एका टाइलला चारपैकी एकच पट्टी वापरता येते. त्यातली एखादी पट्टी नेमाचं चिन्ह, गुण आणि झोंबी यांच्यासाठी बाजूला ठेवावी लागते. मग माणसाच्या चेहऱ्याला, झाडांना आणि आभाळाला मिळून पंचेचाळीसच्या आसपासच रंग उरतात. चेहऱ्यावर दिसणारे ते ठिपके यामुळेच येतात. दोन रंगांचे पिक्सेल आलटून पालटून मांडून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण केलेला असतो. त्या काळच्या कंपोझिट केबलवर आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळत, म्हणून तो भास बऱ्यापैकी जमायचा. आजच्या स्वच्छ एलसीडीवर प्रत्येक ठिपका सुटा दिसतो. जुना गेम आज जास्त वाईट दिसतो तो त्यामुळे.

सोळा रंग म्हणजे पिक्सेलला अर्धा बाइट. पूर्ण पडद्याची फ्रेम ३५,८४० बाइटवर आली. तरी १५ फ्रेमना ५,३७,६०० बाइट लागतात, म्हणजे अजून साडेतीनपट जास्त.

चौकट लहान का ठेवावी लागते

इथे बहुतेकांना वाटतं की उरलेली तूट भरायला चित्र लहान केलं, आणि विषय संपला. ते अर्धंच खरं. चित्र लहान करायचं दुसरं कारण चित्र-मेमरीत आहे. मेगा ड्राइव्हची चित्र-मेमरी ६४ किलोबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट. एक फ्रेम पडद्यावर असताना दुसरी मागे तयार करून ठेवली नाही तर चित्र मधोमध फाटतं. पूर्ण पडद्याच्या दोन फ्रेमना ७१,६८० बाइट लागतात. त्या मावतच नाहीत.

म्हणून एक नमुन्याची चौकट घेऊ, २५६ बाय १४४ पिक्सेलची. तिच्यात ५७६ टाइल बसतात, प्रत्येकी ३२ बाइट, एकूण १८,४३२. दोन फ्रेमना ३६,८६४. उरले २८,६७२ बाइट. टाइल कुठे मांडायच्या त्याचे दोन नकाशे साधारण आठ किलोबाइट खातात, म्हणजे उरले वीस किलोबाइट. आता जवळ आलेला एक झोंबी ९६ बाय १६० पिक्सेलचा धरा. त्याच्या एका पवित्र्याला ७,६८० बाइट लागतात. वीस किलोबाइटमध्ये असे दोनच बसतात, आणि थोडी जागा आकड्यांना उरते. झोंबी पाय न हलवता घसरत पुढे येतोय असं या गेममध्ये का वाटतं, ते या भागाकारात आहे. तिसरा पवित्रा ठेवायला जागा नसते. तो मुख्य मेमरीतून आणायचा तर त्यासाठी वेळ काढावा लागतो.

तो वेळही मोजकाच. टीव्ही चित्र रंगवत असताना चित्र-मेमरीत फार काही लिहिता येत नाही. खरी संधी मिळते ती किरण तळापासून वर परत जाताना. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या पद्धतीच्या टीव्हीत एका फेरीच्या २६२ ओळी असतात, त्यातल्या २२४ चित्राच्या, ३८ रिकाम्या. रिकाम्या ओळीत साधारण २०५ बाइट पाठवता येतात, म्हणजे एका फेरीत सात-साडेसात किलोबाइट. आपली १८,४३२ बाइटची फ्रेम पोचवायला तीन फेऱ्या लागतात. पण चौकटीच्या वर-खाली ८० ओळी काळ्या ठेवल्या आणि तिथे चित्र काढणंच बंद केलं, तर त्या ओळींतही मेमरी भरता येते. ११८ ओळी गुणिले २०५ म्हणजे २४ हजारांच्या वर. अख्खी फ्रेम एकाच फेरीत जाते. सिनेमाचा आव आणायला ठेवलेल्या वाटणाऱ्या काळ्या पट्ट्या अशा कामाच्या असतात.

दाबून भरणं

चौकट लहान केली तरी सीडीची तूट पुरती भरत नाही. आवाज आठ बिटचा, सेकंदाला १६,००० नमुन्यांचा ठेवला तर १६,००० बाइट गेले. उरलेल्या १,३७,६०० बाइटमध्ये १५ फ्रेम, म्हणजे फ्रेमला ९,१७३ बाइट. आपल्याला हवेत १८,४३२. निम्म्याने दाबायचं आहे.

निम्मं म्हणजे काहीच नाही, असं मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटेल. पण ते उलगडायचं काम सेगा सीडीतल्या १२.५ मेगाहर्ट्झच्या ६८००० प्रोसेसरने करायचं आहे. फ्रेमला ८,३३,००० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), टाइलला सुमारे १,४४०. या प्रोसेसरला एका गुणाकाराला ७० पर्यंत सायकल लागतात. म्हणजे एका टाइलला वीस गुणाकार, तेही बाकी काहीच केलं नाही तर. जेपीईजी किंवा एमपीईजीच्या पद्धतीला ८ बाय ८ च्या तुकड्यामागे याच्या कितीतरी पट गुणाकार लागतात. तो रस्ता बंदच. उरतात त्या नुसत्या उचल-ठेवीच्या युक्त्या: मागच्या फ्रेममधली टाइल तशीच असेल तर ती पाठवायची नाही, जवळपास सारख्या दोन टाइल एकच मानायच्या, एका रंगाची ओळ असेल तर रंग आणि लांबी एवढंच लिहायचं.

थ्रीडीओ हे कन्सोल १९९३ साली आणि नंतर सेगाचं सॅटर्न आलं तेव्हा ड्राइव्ह दुप्पट वेगाचे झाले, रंगही हजारोंनी मिळू लागले, आणि सिनेपॅक नावाची पद्धत सर्रास वापरली जाऊ लागली. ती समजायला सोपी आहे. कापडावर ठशांनी नक्षी उमटवणारा कारागीर जसा मोजक्या ठशांत अख्खी साडी भरतो, तसं सिनेपॅक २ बाय २ पिक्सेलच्या ठशांचे दोन संच, प्रत्येकात जास्तीत जास्त २५६ ठसे, तयार करतं आणि चित्राच्या प्रत्येक तुकड्यासाठी फक्त ठशाचा क्रमांक लिहितं. ठशात चार उजेडाच्या किमती आणि दोन रंगाच्या, एकूण सहा बाइट. ४ बाय ४ चा तुकडा सपाट असेल तर एकच ठसा ताणून वापरायचा, म्हणजे एक बाइट. बारकावा असेल तर चार ठसे, चार बाइट. कच्च्या रूपात त्याच तुकड्याला ४८ बाइट लागले असते. उलगडताना गुणाकार जवळजवळ नाहीच, क्रमांक बघून ठसा उमटवत जायचं.

यात बिघडतं कुठे? जंगलात. पानं, गवत, धुकं, पाणी यांत प्रत्येक तुकडा वेगळा असतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो. ठसे पुरत नाहीत, मग पानांचे चौकोन होतात. कॅमेरा हातात धरून चित्रण केलं असेल तर मागच्या फ्रेममधलं काहीच तसंच्या तसं राहत नाही, सगळे बाइट हलणाऱ्या पार्श्वभूमीवर खर्च होतात आणि झोंबीच्या चेहऱ्याला काही उरत नाही. झाडीने भरलेल्या बेटावर कथा रचणं या दृष्टीने अंगावर संकट ओढवून घेण्यासारखंच होतं. तिवईवरचा कॅमेरा, मागे सपाट भिंत, एकाच बाजूचा प्रकाश, अशी दृश्यं या यंत्रांवर नेहमी जास्त चांगली दिसतात.

गोळी लागली हे कसं कळतं

व्हिडिओमध्ये झोंबी कुठे आहे हे कन्सोलला माहीत नसतं. त्याच्या लेखी तो फक्त टाइलचा ढीग. ही अडचण सोडवायच्या दोन पद्धती होत्या.

पहिली अमेरिकन लेझर गेम्सची, ‘मॅड डॉग मॅक्री’ या १९९० सालच्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरच्या) गेममधली. शत्रू व्हिडिओतच असतो. सोबत एक तक्ता असतो: अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत, या जागी, एवढ्या रुंदी-उंचीचा चौकोन. त्या वेळात त्या चौकोनात गोळी पडली तर शत्रू कोसळण्याचा तुकडा लावायचा, नाहीतर तुम्ही मेल्याचा. आर्केडमध्ये हे लेझरडिस्कवर चालायचं, चित्र अॅनालॉग, दाबायचा प्रश्नच नव्हता. घरच्या सीडीवर तेच करताना ड्राइव्हला दुसऱ्या जागी उडी मारावी लागते, आणि त्यात पाऊण-एक सेकंद जातो. चाप ओढला, पडदा काळा, मग शत्रू पडला. यावर उपाय म्हणजे दोन्ही शक्यता सीडीवर एकाआड एक सेक्टरमध्ये लिहायच्या आणि नको असलेला वाचून टाकून द्यायचा. उडी वाचते, पण प्रत्येक शक्यतेच्या वाट्याला ७५ किलोबाइटच येतात. चित्र आणखी बिघडतं.

शिवाय एकपट वेगाच्या ड्राइव्हवर ७४ मिनिटांच्या सीडीत एकूण ७४ मिनिटांचाच व्हिडिओ मावतो. त्यात प्रत्येक फाटा, प्रत्येक मरण आलं. खेळणाऱ्याच्या वाट्याला एका वेळी त्याचा लहानसा हिस्सा येतो.

दुसरी पद्धत ‘कॉर्प्स किलर’ची. पार्श्वभूमी व्हिडिओत, झोंबी वेगळे. नटांना वेगळं चित्रित करून मागचा पडदा काढून टाकायचा आणि त्यांची चित्रं स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटी हलवता येणारी चित्रं, म्हणून वरून चिकटवायची. आता झोंबी कुठे आहे ते कन्सोलला ठाऊक असतं, गोळी लागली की तोच पडतो, सीडीवर उडी नाही. किंमत मोजावी लागते ती दिसण्यात. झोंबीवरचा प्रकाश मागच्या दृश्याशी जुळत नाही, पायाखाली सावली पडत नाही, आणि जवळ येताना तोच पवित्रा नुसता मोठा होत जातो. तरीही खेळ म्हणून हीच पद्धत सरस, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९९५ साली अटारीच्या ‘एरिया ५१’ने आर्केडमध्ये हार्ड डिस्क लावून हेच नीट करून दाखवलं.

पहिल्या पद्धतीत आणखी एक खोच आहे. तक्ता घड्याळावर चालवला आणि सीडी ओरखडलेली निघाली तर ड्राइव्ह सेक्टर पुन्हा वाचत बसतो, चित्र मागे राहतं, तक्ता पुढे जातो. मग नेम बरोबर असूनही गोळी आरपार जाते. म्हणून फ्रेमचा क्रमांक व्हिडिओच्या प्रवाहातच लिहून तक्ता त्याला बांधावा लागतो. झोंबी सेकंदाला १२० पिक्सेल सरकत असेल तर १५ फ्रेमच्या व्हिडिओत तो दर फ्रेमला आठ पिक्सेलची उडी मारतो, त्यामुळे चौकोनही तेवढा ऐसपैस ठेवावा लागतो.

म्हणून झोंबी

आता वरचे सगळे आकडे समोर ठेवून शत्रू निवडा. हालचाल संथ आणि अडखळती हवी, कारण फ्रेम कमी आणि पवित्रे दोन-तीनच. रंग राखाडी-हिरवट चालावेत, कारण पट्टीत पंधराच रंग. त्याने बोलू नये, म्हणजे ओठ आणि आवाज जुळवायचा प्रश्न नाही. तोच नट मेकअप बदलून पुन्हा आला तरी खटकू नये. सरळ तुमच्याकडे चालत यावा, आडोसा घेऊ नये, गोळीला उत्तर देऊ नये, म्हणजे फाटे कमी. झोंबीशिवाय दुसरं कोण बसतं यात? काउबॉयला बंदूक काढताना झटकन हात हलवावा लागतो, तिथे १५ फ्रेम अपुऱ्या पडतात.

बंदुकीचं गणित

भारतात नव्वदच्या दशकात अनेक घरांत आलेल्या स्वस्त नक्कल-कन्सोलवर बदकं मारायचा गेम असायचा. त्यातली बंदूक आणि सेगाची बंदूक यांचं तंत्र वेगळं. बदकांच्या गेममध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला उजेड दिसला तर नेम लागला. लक्ष्यं जास्त असली तर प्रत्येकासाठी वेगळी चमक लागते, म्हणून झोंबींच्या घोळक्यात हे चालत नाही.

सेगाच्या पद्धतीत बंदूक किरणाची वाट पाहते. पिक्चर ट्यूबमध्ये किरण एकेक ओळ रंगवत जातो, एका ओळीला साडेत्रेसष्ट मायक्रोसेकंद. बंदुकीसमोरचा ठिपका उजळला की बंदूक कन्सोलला खूण करते, आणि त्या क्षणी ओळ कितवी आणि ओळीतली जागा कोणती हे चिप टिपून ठेवते. अचूकता साधारण दोन पिक्सेल.

गोळ्या सारख्या उजवीकडे पडत असतील तर दोष बहुधा या वेळेत असतो. ३२० पिक्सेलच्या ओळीत किरण एका मायक्रोसेकंदात जवळजवळ सात पिक्सेल पुढे जातो. बंदुकीचा सेन्सर तेवढा उशिरा जागा झाला की नेम सात पिक्सेल सरकला. टीव्हीचा ब्राइटनेस कमी असला की सेन्सर आणखी उशीर करतो. म्हणून आधी ब्राइटनेस वाढवा, मग गेममधलं नेम जुळवणं करा. उलट क्रमाने केलं तर पुन्हा करावं लागेल. रात्रीच्या दृश्यात झोंबी काळोखात उभा असेल तर बंदुकीला काहीच दिसत नाही. त्यासाठी चाप ओढल्यावर पडदा पांढरा करतात. फक्त रंगपट्टीतले रंग बदलले की झालं, चित्र-मेमरीला हात लावावा लागत नाही.

एलसीडीवर हे काहीच चालत नाही. तिथे ओळ रंगवणारा किरण नाही, आणि चित्र एक-दोन फ्रेम उशिरा येतं.

आज खेळायचं तर

मूळ यंत्र जोडायचं असेल तर आधी अॅडॉप्टर तपासा. सेगा सीडीला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण. दुसऱ्या आवृत्तीचं जेनेसिस आणि ३२एक्स (मेगा ड्राइव्हला जोडायचं सेगाचं आणखी एक उपकरण) यांना १० व्होल्ट आणि मधला भाग धन. अदलाबदल झाली तर नशीब चांगलं असेल तर फ्यूजच जातो. अमेरिकेतून आणलेले अॅडॉप्टर १२० व्होल्टचे, आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. जुना भारतीय टीव्ही फक्त पॅल ही आपल्याकडची पद्धत घेणारा असेल तर अमेरिकी कन्सोलचं चित्र काळं-पांढरं येतं किंवा सरकत राहतं.

‘कॉर्प्स किलर’ची ३२एक्सची आवृत्ती चालवायला मेगा ड्राइव्ह, ३२एक्स आणि सेगा सीडी तिन्ही लागतात, तीन अॅडॉप्टरसकट. त्यात मेगा ड्राइव्हच्या चित्राची छोटी केबल ३२एक्सला जोडायची राहून जाते. तसं झालं की मेगा ड्राइव्हचा थर गायब होतो आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. पहिल्या आवृत्तीच्या सेगा सीडीचा ट्रे बाहेर येत नसेल तर आधी आतला रबरी पट्टा बघा, तो कडक झालेला असतो. सीडी फिरते पण वाचली जात नाही, तेव्हा भिंग साफ करा. तरी फरक पडला नाही तर बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळलेत का ते पाहा, मगच लेझर बदलायचा विचार करा.

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर खेळताना जेनेसिस प्लस जीएक्ससारखा कोअर (त्या यंत्राची नक्कल करणारा भाग), सेगा सीडीची बायोस फाइल (यंत्रातला मूळ सुरुवातीचा प्रोग्राम) आणि सीडीच्या नकलेची बिन-क्यू फाइलजोडी लागते. नुसत्या आयएसओ फाइलमध्ये ऑडिओ ट्रॅक येत नाहीत, मग संगीत गप्प होतं. बायोस आणि गेम एकाच प्रदेशाचे हवेत, नाहीतर सीडी सुरूच होत नाही. कंपोझिट केबलचा भास देणारा शेडर (चित्रावरचा फिल्टर) लावला की ठिपक्यांचे रंग पुन्हा मिसळतात. एलसीडीवर बंदूकच हवी असेल तर पडद्याभोवतीची चौकट कॅमेऱ्याने ओळखणारी सिंडेन किंवा इन्फ्रारेड दिव्यांवर चालणारी गन४आयआर चालते, नाहीतर माउस आहेच. आणि यातलं काहीच नको असेल तर ‘कॉर्प्स किलर’ची पंचविसाव्या वर्षानिमित्त काढलेली आवृत्ती आजच्या कन्सोलवर मिळते. तिच्यात चित्र मोठं आणि स्वच्छ आहे. झोंबी मात्र तसेच घसरत येतात.